१९६९ च्या ड्रॅग कॅमारोची वाकलेली चासी: आधी माप, मग ओढ

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६९ ची शेव्हरोले कॅमारो, सत्तरच्या दशकात ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ पाव मैलाच्या शर्यतीच्या पट्टीवर धावलेली. ३९६ घनइंचाचं बिग ब्लॉक इंजिन, चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स, मागे पाट्यांखाली (लीफ स्प्रिंगखाली) जुन्या पद्धतीचे स्लॅपर बार, म्हणजे अ‍ॅक्सलचा पीळ रोखणारे दांडे, आणि आत नंतर कधीतरी बसवलेला रोल केज, म्हणजे नळ्यांचा सुरक्षा-पिंजरा. शर्यतीच्या रेषेवरून सुटताना गाडी उजवीकडे ओढते. चालकाचं दार उचलून लावावं लागतं. पुढच्या सबफ्रेमच्या (इंजिन पेलणाऱ्या चौकटीच्या) डाव्या रेलला, म्हणजे लांब तुळईला, इंजिन माउंटजवळ तडा गेलाय, आणि उजव्या बाजूला छत जिथे मागच्या क्वार्टर पॅनेलला मिळतं तिथे पत्र्याला सुरकुती आहे. एका गॅरेजने सांगितलं की गाडी बेंचवर (चासी सरळ करायच्या चौकटीवर) बांधून साखळीने ओढून घेऊ, तड्यावर पट्टी मारू, आठवड्यात काम संपेल. तुम्ही विचारताय की हे करावं, की सरळ दुसरी सबफ्रेम आणावी?

आत्ता दोन्ही करू नका. तुम्ही सांगितलेल्या चारही खुणा एकाच दिशेने बोट दाखवतायत, पण ते सिद्ध होईपर्यंत साखळी लावू नका आणि वेल्डिंगचा टॉर्चही पेटवू नका. वाकलेली चासी वाकलेल्या स्थितीत वेल्ड करून पक्की केली की मग ती सरळ करणं दुप्पट अवघड होतं. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या ड्रॅग गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचं खरं दुखणं मूळ नुकसानापेक्षा अशा घाईच्या दुरुस्तीतच असतं.

आधी ही गाडी बांधली कशी आहे ते डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पिढीच्या कॅमारोला पुढून मागपर्यंत अखंड फ्रेम नाही. इंजिन, स्टिअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन एका वेगळ्या सबफ्रेमवर बसतं, आणि ती सबफ्रेम बॉडीला बोल्टने जोडलेली असते. तिच्या रेल पुढच्या सीटखाली जमिनीच्या पत्र्याला येऊन थांबतात. मागच्या रेल पाट्यांच्या पुढच्या टोकापासून सुरू होतात. या दोघींच्या मधे काय उरतं? दारांखालचे रॉकर, मधला बोगदा आणि जमिनीचा पत्रा. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी, त्या काळच्या अरुंद टायरांसाठी, ते पुरेसं होतं. मागे रुंद स्लिक, म्हणजे गुळगुळीत शर्यती टायर आले, टायर जागेवर फिरायचे थांबले आणि सगळा जोर या मधल्या भागाने सोसायला सुरुवात केली. १९७० मध्ये ड्रॅग शर्यतींचा प्रो स्टॉक वर्ग सुरू झाला आणि त्या वर्गाची पहिली शर्यत, त्या वर्षीची विंटरनॅशनल्स, बिल जेंकिन्स यांनी १९६८ च्या कॅमारोत जिंकली, ती मुळात याच रचनेची गाडी. त्यामुळे हे दुखणं तुमच्या एकट्याच्या गाडीचं नाही.

आता जोर किती, ते बघू. ३९६ चं ३७५ हॉर्सपॉवरचं इंजिन ४१५ फूट-पाउंड टॉर्क देतं, म्हणजे सुमारे ५६० न्यूटन-मीटर. क्लोज रेशो मन्सीचा पहिला गिअर २.२० चा. म्हणजे गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला साधारण १,२४० न्यूटन-मीटर. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सव्वाशे किलो वजन टांगल्यासारखा हा पीळ आहे, आणि क्लच एकदम सोडल्यावर फ्लायव्हीलचा झटका त्यावर वेगळा. हा पीळ पुढे माउंटमधून सबफ्रेमवर येतो आणि इंजिनची डावी बाजू, म्हणजे चालकाची बाजू, वर उचलू पाहतो. मागे अ‍ॅक्सल उलट्या दिशेने फिरू पाहतो. डावं चाक जमिनीत दाबलं जातं आणि उजवीकडचा पाटा बॉडीला वर ढकलतो. ओला कपडा पिळताना दोन हात उलटे फिरतात, तसंच. पुढचा हात सबफ्रेम, मागचा हात पाट्यांचे आधार, आणि मधला कपडा म्हणजे तुमची दारं आणि छत.

डावं इंजिन माउंट आणि त्याची रेल का मार खाते, याचा पुरावा ड्रॅग स्ट्रिपबाहेरही आहे. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख गाड्या इंजिन माउंटच्या दोषासाठी परत बोलावल्या. माउंटचं रबर सुटायचं, इंजिन उचललं जायचं आणि थ्रॉटल अडकायचा. त्यात १९६७ ते १९६९ च्या कॅमारोही होत्या, आणि उपाय म्हणून इंजिनला खाली धरून ठेवणारी केबल बसवली गेली. ते तर रस्त्यावरच्या साध्या वापरात होत होतं. तुमच्या गाडीचं डावं माउंट काढून हातात घ्या. रबर आणि लोखंड वेगळं झालेलं असेल तर रेलच्या तड्याचं अर्धं कारण तिथेच सापडेल, कारण सैल इंजिन रेलला नुसतं ओढत नाही, ठोकतं.

आता खुणा एकेक करून तपासू, आणि चासीला दोष देण्याआधी स्वस्त कारणं बाजूला काढू.

गाडी उजवीकडे ओढते. वर सांगितलं तसं डावं मागचं चाक जास्त दाबलं जातं, ते जास्त ढकलतं, आणि गाडी उजवीकडे जाते. थोडं ओढणं हा या रचनेचा स्वभावच आहे. पण आधी दोन्ही स्लिकचा घेर फितीने मोजा, हवेचा दाब सारखा ठेवून. दोन स्लिकच्या घेरात पाऊण इंचाचा फरक मी स्वतः पाहिलाय, आणि त्या गाडीचा मालक चासी कापायला निघाला होता. मग ब्रेक कुठे घासतोय का ते बघा. मग अ‍ॅक्सलचं घर. बारा बोल्टच्या अ‍ॅक्सलमध्ये नळ्या मधल्या ओतीव भागात दाबून बसवलेल्या असतात आणि वारंवारच्या झटक्यांनी त्या फिरू शकतात. शिवाय चाकं दोन टोकांना पुढे ढकलतात आणि पाटे आतल्या बाजूला धरून ठेवतात, म्हणून नळ्यांची टोकं पुढे वाकतात. मागच्या चाकांचं टो (चाकं पुढच्या टोकाला किती आत-बाहेर वळली आहेत) मोजलं की हे लगेच कळतं. अ‍ॅक्सल वाकडा असेल तर मागून घेतलेलं प्रत्येक माप तुम्हाला फसवणार.

दार. दार उघडून मागच्या टोकाला धरून वर उचला आणि बिजागरीकडे बघा. पिन आणि बुश झिजले असतील तर खेळ डोळ्यांना दिसतो. बुश बदलणं हे तासाभराचं काम आहे. खेळ नसेल आणि तरीही दाराचं मागचं टोक खाली असेल, तर पुढचा खांब मागे कललाय असा अर्थ होतो. म्हणजे डावा पुढचा कोपरा मधल्या भागाच्या तुलनेत वर गेला आहे. तसं असेल तर दाराच्या मागच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसेल. दोन्ही दारांच्या चौकटींचे कर्ण मोजा आणि डावी-उजवी बाजू ताडून पाहा. तेवढ्याने चित्र बरंच साफ होतं.

सुरकुती. नखाने रंग तपासा. सुरकुतीच्या माथ्यावर रंगाला बारीक भेगा असतील आणि त्यांत स्वच्छ धातू दिसत असेल, तर ती अजून हलतेय. रंग अखंड असेल तर ती जुनी आहे, कदाचित पन्नास वर्षांपूर्वीची. या फरकावर पुढे बराच निर्णय अवलंबून आहे.

मोजणी हा या कामाचा गाभा आहे आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. महागडं लेझर यंत्र असेल तर उत्तमच, पण ते नसलं म्हणून काही अडत नाही. ओळंबा, न ताणणारं सूत, पोलादी फीत, पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि दोन सरळ पट्ट्या, एवढ्यात एक मिलिमीटरपर्यंत पोचता येतं. मात्र घाई करायची नाही आणि प्रत्येक माप दोनदा घ्यायचं, शक्यतो दोन वेगवेगळ्या माणसांनी.

मोजायचंही दोन वेळा. एकदा गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, आणि एकदा इंजिन व गिअरबॉक्स काढून, रॉकरच्या भक्कम भागांखाली चार आधार देऊन. बिग ब्लॉक एकटंच तीनशे किलोच्या वर भरतं. दोन मोजणींतला फरक म्हणजे चासीची लवचिकता. जे दोन्ही वेळा सारखं वाकडं दिसतं ते कायमचं वाकणं. हा भेद न करता ओढलेली गाडी इंजिन परत बसवल्यावर पुन्हा वाकडी दिसते, आणि मग मालक आणि मेकॅनिक एकमेकांकडे बघत बसतात.

पाया कुठून धरायचा? गाडीच्या मधल्या भागापासून, कारण तो सहसा सगळ्यात कमी हललेला असतो. चारही आधार पाण्याच्या नळीने एका पातळीत आणा. बॉडीच्या खालच्या बाजूला कारखान्यानेच ठेवलेली मापाची भोकं आहेत आणि फिशर बॉडीच्या (जनरल मोटर्सच्या बॉडी विभागाच्या) सर्व्हिस मॅन्युअलमध्ये खालच्या बाजूच्या मापांचा नकाशा आहे. तो मिळवा. प्रत्येक भोकातून ओळंबा सोडून जमिनीवर बिंदू काढा. गाडी बाजूला करून जमिनीवरच्या बिंदूंमधून मधली रेषा आखा आणि कर्ण मोजा. कर्णांत ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक मी या काळातल्या गाडीत सोडून देतो. सहाच्या पुढे गेला की काम आहे. व्हीलबेस १०८ इंच, म्हणजे २,७४३ मिलिमीटर. तोही दोन्ही बाजूंनी मोजा.

सबफ्रेम बॉडीवर सरकली आहे की स्वतः वाकली आहे, हे वेगळं काढायला फार सोपी खूण आहे. फायरवॉलखालच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीखालच्या) माउंटच्या शेजारी सबफ्रेममध्ये आणि बॉडीमध्ये एकाखाली एक येणारी भोकं आहेत. ५/८ इंचाचा गोल बार दोन्हींतून सरळ गेला पाहिजे, डावीकडेही आणि उजवीकडेही. बार जात नसेल तर सबफ्रेम फक्त सरकली असण्याची शक्यता आहे. बोल्ट सैल करून, रबरं बदलून ती जागेवर आणता येते, ओढण्याची गरजच नाही. मी पाहिलेल्या ‘वाकलेल्या’ कॅमारोंपैकी काहींचं दुखणं एवढंच होतं. अर्ध्या माउंटना कडक रबर, अर्ध्यांना अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे असं मिश्रणही बरेचदा सापडतं. त्यांची उंची वेगळी असली तर सबफ्रेम बोल्ट आवळतानाच पिळली जाते.

पीळ पाहायला सुतार फळीचा पीळ बघतो तीच रीत वापरा. एक सरळ पट्टी सबफ्रेमच्या पुढच्या टोकाला आडवी, एक फायरवॉलखाली, एक मागच्या रेलवर. मागे जमिनीवर झोपून, एक डोळा मिटून पट्ट्यांच्या कडा एकमेकींशी जुळतात का ते बघा. तुमच्या गाडीत पुढची पट्टी डावीकडे वर गेलेली दिसेल असा माझा अंदाज आहे. तसं दिसलं तर दार, तडा आणि सुरकुती एकाच गोष्टीची तीन टोकं आहेत. पुढची पट्टी दोन्ही बाजूंनी सारखीच वर असेल, तर ते पिळाचं लक्षण नाही. पुढची चाकं हवेत जाऊन आदळल्याने रेल वर वाकल्या आहेत, आणि अशा वेळी लोअर कंट्रोल आर्मच्या मागे रेलच्या वरच्या कडेला दबलेली घडी शोधा.

मागे पाट्यांचे पुढचे कप्पे बघायला विसरू नका. ते तीन-तीन बोल्टने बॉडीला धरलेले असतात. स्लॅपर बारचं रबरी टोक सुटताना पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली येऊन आदळतं, म्हणजे अ‍ॅक्सलचा सगळा पीळ त्या कप्प्याला वर ढकलतो. सीटखालचा गालिचा काढा. कप्प्यावरचा पत्रा फुगलेला, बोल्टांची भोकं लांबट झालेली, किंवा कडेने गंज आणि तडे असतील तर मागचं टोकही दुरुस्तीत आलं. डाव्या-उजव्या कप्प्यांच्या उंचीत फरक असेल तर गाडी एका बाजूला ओढण्याचं तेही कारण असू शकतं.

आता रोल केज. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख ओझरता आहे, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. केज बसवला तेव्हा गाडी सरळ होती की आधीच पिळलेली? पिळलेल्या बॉडीत केज वेल्ड केला असेल तर त्याने तो पीळ कुलूपबंद केला आहे. मग बेंचवर ओढताना तुम्ही पत्र्याशी नाही, केजशी झुंजणार, आणि पत्रा भलत्याच ठिकाणी फाटणार. केजचेही कर्ण मोजा. केज स्वतः चौकोनी असेल आणि बॉडी त्याच्याभोवती वाकडी असेल, तर पाय जमिनीपासून सोडवूनच ओढावं लागेल. पायांखालच्या पट्ट्या किमान ६ इंच बाय ६ इंच आणि १/८ इंच जाड हव्यात. पातळ पत्र्यावर नुसती नळी टेकवून वेल्ड केलेली असेल तर भोवती गोल तडे सापडतातच.

तडा शोधण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे चांगले लोकही चुकतात. रंग काढायला वाळूचा मारा करू नका. वाळू धातूची कड ठोकून तड्याचं तोंड बंद करते आणि मग डाय पेनिट्रंटला (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाला) तो दिसत नाही. ग्राइंडरही तेच करतो. रासायनिक रंगकाढू वापरा, मऊ ब्रश वापरा, नीट धुवा आणि वाळू द्या. मग डाय लावा, थांबा, पुसा आणि पांढरं डेव्हलपर मारा. किंवा मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी करा. साध्या पोलादावर ती उत्तम चालते आणि पृष्ठभागाच्या किंचित खालचा तडाही दाखवते. तपासायची ठिकाणं अशी: दोन्ही इंजिन माउंटच्या भोवती, स्टिअरिंग बॉक्सची भोकं, अप्पर कंट्रोल आर्मचे बुरूज, क्रॉसमेंबर रेलला मिळतो ती वेल्ड, बॉडी माउंटच्या भोकांच्या कडा, आणि आधी कुणी दुरुस्ती केलेली प्रत्येक जागा. रेलच्या आत एंडोस्कोप घाला. बाहेरून रंगवलेली रेल आतून गंजून कागदासारखी झालेली असते. अल्ट्रासोनिक जाडीमापक मिळाला तर कुठे किती धातू उरला आहे ते आकड्यांत कळतं.

आणि एक जीवावरची सूचना. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेल्या जागेवर कधीही वेल्डिंग करू नका. उरलेल्या द्रवातून आर्कच्या उष्णतेने फॉस्जीन वायू तयार होतो, आणि त्याची थोडीशी मात्राही फुप्फुसं निकामी करू शकते. वेल्डिंगआधी अ‍ॅसिटोनने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पेट्रोलची टाकी आणि नळ्या काढलेल्याच हव्यात.

सबफ्रेम ठेवायची की बदलायची, हे मी एका जुन्या नियमाने ठरवतो. हळूहळू वळलेली रेल सरळ करता येते. जिथे धातूची तीक्ष्ण घडी पडली आहे तो तुकडा बदलायचा. घडी सरळ केली तरी तिथला धातू दमलेला असतो आणि पुढचा तडा तिथूनच सुरू होतो. तुमच्या डाव्या रेलला फक्त तडा असेल, घडी नसेल, आतून गंज नसेल आणि कर्ण जवळपास जुळत असतील, तर ती सबफ्रेम वाचवा. बोल्टवर बसणारी असल्याने दुसरी आणणं सोपं आहे, पण ज्या गाडीला इतिहास आहे तिचा मूळ भाग उगाच टाकून देऊ नये. कापाकापीआधी फायरवॉलवर हीटरच्या ब्लोअरखालचे आणि काउलवरचे (पुढच्या काचेखालच्या पत्र्यावरचे) गाडीच्या क्रमांकाचे लपवलेले आकडे तपासा. ते आकडे असलेला पत्रा कुठल्याही परिस्थितीत कापायचा नाही. १९६९ मध्ये झेडएल-१ इंजिनाच्या ६९ च कॅमारो बनल्या. तुमची गाडी तसली नसेलही, पण स्ट्रिपवर धावलेल्या गाडीबाबत गृहीत काही धरू नये.

ओढायची वेळ आलीच, तर क्रम नुकसानाच्या उलटा ठेवायचा. जे शेवटी वाकलं ते आधी सोडवायचं. मधला भाग चार ठिकाणी घट्ट पकडून ठेवा आणि एकाच साखळीने जोर लावण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणांहून थोडा थोडा ओढा. ताण धरून ठेवला असताना वाकलेल्या जागेभोवती लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारा, म्हणजे अडकलेला ताण सुटतो. मग साखळी सैल करा, मोजा, पुन्हा ओढा. धातू थोडा परत फिरतो, म्हणून मापाच्या किंचित पलीकडे न्यावं लागतं. किती पलीकडे, ते पहिल्या दोन ओढींवरून कळतं. उष्णता शक्यतो नकोच. १९६० च्या दशकातलं साधं पोलाद थोडी उष्णता सहन करतं, पण लालभडक केलेली रेल नरम पडते आणि पुढच्या हंगामात पुन्हा वाकते. उजव्या बाजूची सुरकुती जुनी, स्थिर असेल, तर मी तिला हात लावणार नाही. चौकटीचे कर्ण जुळले, काचा नीट बसल्या आणि दारं बोटाने लागली, की ती सुरकुती त्या गाडीचा इतिहास आहे.

तड्याची दुरुस्ती माप बरोबर आल्यावरच. तड्याचं खरं टोक डायने शोधा. डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे ते नेहमी असतं. टोकाला सुमारे ३ मिलिमीटरचं भोक पाडा, तड्याला व्ही आकाराची खाच द्या आणि पूर्ण खोलीपर्यंत वेल्ड करा. साध्या पोलादाला मिग (तार सतत पुरवणारं वेल्डिंग) चालतं. मग आधाराची पट्टी बसवायची असेल तर ती चौकोनी कापू नका. चौकोनी पट्टीची उभी कड रेलवर आडवी वेल्ड होते आणि बरोबर त्याच रेषेत नवा तडा जातो. पट्टीची टोकं माशाच्या तोंडासारखी किंवा हिऱ्याच्या आकाराची करा, म्हणजे जोर हळूहळू पसरतो. रेलच्या वरच्या आणि खालच्या कडांवर आडवं वेल्ड टाळा, जास्तीत जास्त ताण तिथेच असतो. पट्टीची जाडी रेलच्या जाडीइतकीच पुरे. जाड पट्टी म्हणजे कडक जागा, आणि कडक जागेच्या शेजारी धातू तुटतो. माझ्या सुरुवातीच्या काळात एका गाडीच्या अशाच डाव्या रेलवर मी जाड, चौकोनी पट्टी मारली होती. वेल्ड दिसायला सुंदर होती. काही शर्यतींनंतर गाडी परत आली, आणि तडा पट्टीच्या कडेला लागून नव्याने गेला होता. माउंट मी तपासलंच नव्हतं. ते तुटलेलं होतं.

केजच्या नळ्यांचा नियम वेगळा. वाकलेली नळी सरळ करायची नाही, बदलायची. ती साधं पोलाद आहे की ४१३० क्रोमोली (जास्त मजबूत मिश्रपोलाद), हे आधी ठरवा. अमेरिकेत एनएचआरएच्या (ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या) नियमांत साध्या पोलादाची केज नळी किमान ०.११८ इंच आणि क्रोमोलीची ०.०८३ इंच जाड लागते. क्रोमोलीला टिगच (टंगस्टन इलेक्ट्रोडचं वेल्डिंग) हवं, साध्या पोलादाला मिग मान्य आहे, आणि वेल्ड ग्राइंड करून गुळगुळीत करायला मनाई आहे. क्रोमोलीसाठी मी ईआर८०एस-डी२ किंवा ईआर७०एस-२ ची फिलर काडी वापरतो. एवढ्या पातळ नळीला खोलीच्या तापमानाला प्रीहीट लागत नाही, पण वेल्ड झाल्यावर वारा किंवा पाणी लागू द्यायचं नाही. जोडाजवळचा धातू पटकन थंड झाला की ठिसूळ होतो. पाव मैल ९.९९ सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात, अथवा ताशी १३५ मैल किंवा त्याहून जास्त वेगाने धावण्याचा विचार असेल, तर चासीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं. दुरुस्ती सुरू करण्याआधीच तपासनिसाशी बोला, कारण झाकलेली वेल्ड त्याला दाखवता येत नाही.

आता मूळ कारणाचा बंदोबस्त. पुढची सबफ्रेम आणि मागच्या रेल यांना जोडणारे सबफ्रेम कनेक्टर या गाडीला हवेतच. २ बाय ३ इंचाची चौकोनी नळी, जमिनीच्या पत्र्यातून वर घेऊन दोन्ही टोकांना वेल्ड केलेली, ही मला सगळ्यात पटणारी पद्धत आहे. पण हे काम माप जुळल्यानंतरच करायचं, आणि तेही गाडीचं वजन मागे अ‍ॅक्सलवर आणि पुढे लोअर आर्मवर पेललेलं असताना, दारांच्या फटी डोळ्यांसमोर ठेवून. दोन खांबांच्या लिफ्टवर टांगलेल्या गाडीला कनेक्टर वेल्ड केले की टांगलेला आकारच कायमचा होतो. वेल्ड लहान टप्प्यांत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करा आणि मधे मधे दार लावून बघा.

डावं माउंट नवीन बसवा. त्या काळच्या शर्यतीच्या रीतीप्रमाणे इंजिनच्या डाव्या हेडपासून रेलपर्यंत साखळी किंवा टर्नबकलची पट्टी लावा. इंजिनला ठोस माउंट लावणार असाल तर गिअरबॉक्सचं माउंट रबरीच ठेवा. सगळीकडे ठोस केलं की गिअरबॉक्सचं ओतीव घर चासीचा भाग बनतं आणि तडकतं.

काम झाल्यावर रेलच्या आत मेणाचा थर मारा, चाकांचं अलाइनमेंट करा आणि चारही कोपऱ्यांचं वजन वेगवेगळ्या काट्यांवर घ्या. मग प्रत्येक महत्त्वाच्या जोडावर, बॉडी माउंटच्या बोल्टवर, पट्टीच्या टोकांवर आणि पाट्यांच्या कप्प्यांवर पांढऱ्या ठिसूळ रंगाची बारीक रेघ ओढा. पहिल्या तीन-चार वेळा गाडी रेषेवरून हलक्या हाताने, कमी आरपीएमवर सोडा. प्रत्येक वेळेनंतर दिवा घेऊन गाडीखाली जा आणि रेघा बघा. जिथे रेघ तडकली तिथे धातू हलला आहे. दहा वेळा पूर्ण जोराने सुटल्यानंतर सबफ्रेमचे कर्ण आणि दारांच्या चौकटी पुन्हा मोजा आणि आकडे पहिल्या मोजणीच्या आकड्यांशेजारी लिहा.

त्या गॅरेजला एवढंच विचारा की ओढण्याआधी ते काय काय मोजणार आहेत आणि केजचं काय करणार आहेत. उत्तर लगेच आणि नेमकं मिळालं तर काम त्यांना द्यायला हरकत नाही. तोपर्यंत डावं माउंट काढा, दारांचे कर्ण, सबफ्रेमचे कर्ण, दोन्ही बाजूंचा व्हीलबेस आणि ५/८ इंचाच्या बारची चाचणी एवढं करून आकडे कळवा. ते आल्यावर सबफ्रेम सरकली आहे, पिळली आहे की वाकली आहे, हे मी तुम्हाला खात्रीने सांगू शकेन.